नवऱ्याची जबरदस्ती, कायदा आणि अर्जात लिहायची गोष्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लग्नाला नऊ वर्षं झाली, एक मुलगी आहे. नवरा नकार ऐकत नाही, विरोध केला तर हात उगारतो आणि सकाळी काही घडलंच नाही असा वागतो. पोलीस ठाण्यात गेलात, तर "नवरा-बायकोतली गोष्ट आहे, यावर कलमच नाही" असं सांगून घरी पाठवलं. खरंच कलम नाही का, आणि नसेल तर आता काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

त्या पोलिसाने सांगितलं ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं सांगणं त्याच्यावर बंधनकारक होतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ५ म्हणतं की अशी तक्रार कानावर आली की पोलिसाने बाईला तिचे हक्क सांगायचे: या कायद्याखाली मदत करणारा संरक्षण अधिकारी आहे, संरक्षणाचा आदेश मागता येतो, वकील मोफत मिळतो, फौजदारी तक्रारही करता येते. हे न सांगता परत पाठवणं बेकायदा आहे, आणि सर्रास चालतं.

आधी खरं ते अर्धं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या आहे. त्याच्या शेवटी दुसरा अपवाद आहे: बायकोचं वय १८ पेक्षा कमी नसेल, तर नवऱ्याने तिच्याशी केलेला संभोग किंवा लैंगिक कृत्य बलात्कार ठरत नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये हाच अपवाद होता. १ जुलै २०२४ पासून कायदा नवा आला, अपवाद तसाच राहिला. फक्त वयाचा आकडा बदलला, आणि तोही संसदेने आपणहून बदललेला नाही. २०१७ पर्यंत तो १५ होता, म्हणजे पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीवर नवऱ्याने केलेली बळजबरी कायद्याच्या लेखी बलात्कार नव्हती. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे १८ वाचायचं असं ठरवलं. बायको अठरा वर्षांखालची असेल तर आज तो बलात्कार आहेच, शिवाय पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदाही लागतो.

या अपवादाची मुळं इंग्लंडमध्ये आहेत. मॅथ्यू हेल नावाच्या न्यायाधीशाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७३६ मध्ये छापला गेला. त्यात त्याने लिहून ठेवलं की लग्न करतानाच बायकोने नवऱ्याला संमती दिलेली असते आणि ती तिला परत घेता येत नाही. एका माणसाचं हे मत पुढे कायदा म्हणून चाललं. इंग्लंडने १९९१ मध्ये ते मोडीत काढलं, नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये विवाहांतर्गत बलात्कार हा गुन्हा ठरवला. आपल्याकडे बलात्काराचे कायदे सुधारण्यासाठी नेमलेल्या न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये हा अपवाद काढून टाका असं स्पष्ट सांगितलं. त्या समितीच्या अहवालानंतर कायदा बदलला, हा अपवाद सोडून.

आता न्यायालयांची स्थिती. मार्च २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका नवऱ्यावरचा बलात्काराचा आरोप रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे त्या खटल्याला स्थगिती दिली. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. राजीव शकधर यांनी अपवाद घटनाबाह्य ठरवला, न्या. सी. हरी शंकर यांनी तो कायम ठेवला. हे सगळं सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुनावणी सुरूही झाली, पण सरन्यायाधीश चंद्रचूड निवृत्त होणार असल्यामुळे ती त्यांच्या पीठासमोर पूर्ण होऊ शकली नाही. केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की नवऱ्याला बलात्काराचं कलम लावणं फार कठोर होईल आणि विवाहित स्त्रीला संरक्षण देणारे दुसरे कायदे पुरेसे आहेत.

या शेवटच्या वाक्यावर मला थोडं बोलायचंय. दुसरे कायदे आहेत, हे खरं. ते पुरेसे आहेत की नाही हे ते वापरल्यावर कळणार, आणि लैंगिक बळजबरीसाठी ते वापरलेच जात नाहीत. यात पोलिसांइतकाच आम्हा वकिलांचाही वाटा आहे. बाई समोर बसून सगळं सांगते, रडते, आणि वकील तिच्या अर्जात लिहितो: "सामनेवाला याने अर्जदार हिचा शारीरिक व मानसिक छळ केला." सासरची मागणी, माहेरून आणायचे पैसे, दीर-नणंदांची बोलणी यांवर चार पानं, आणि रात्री काय घडतं यावर एक ओळही नाही. का, तर "कोर्टात बरं दिसत नाही", "आई-वडिलांसमोर वाचलं जाईल", "त्यावर कलम नाही, मग कशाला लिहायचं". मग दोन वर्षांनी उलटतपासणीत तीच बाई हे सांगते, तेव्हा समोरचा वकील उठून विचारतो: "हे अर्जात कुठे आहे? म्हणजे आत्ता सुचलेलं आहे." साक्षीचा तेवढा भाग तिथेच लंगडा पडतो.

म्हणून माझं तुम्हाला पहिलं सांगणं हेच की लिहा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या, म्हणजे कोर्टात ज्याला डीव्ही कायदा म्हणतात त्याच्या, कलम ३ मध्ये कौटुंबिक हिंसेचे प्रकार दिलेत आणि लैंगिक छळ त्यातला एक स्वतंत्र प्रकार आहे. स्त्रीचा अपमान करणारं, तिची अवहेलना करणारं, तिच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारं कोणतंही लैंगिक वर्तन त्यात बसतं. इथे नवऱ्याला सूट देणारा अपवाद नाही. संरक्षण अधिकारी जो घरगुती घटना अहवाल भरतो, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, त्याच्या छापील नमुन्यात लैंगिक हिंसेचा वेगळा रकाना आहे आणि जबरदस्तीचा संभोग हे त्यात पहिल्याच क्रमांकावर आहे. अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ बघायला भाग पाडणं हेही आहे. म्हणजे २००६ पासून सरकारच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये या गोष्टीला जागा आहे. अधिकारी घाईत असेल, किंवा संकोचाने तो रकाना ओलांडून पुढे जात असेल, तर त्याला थांबवा आणि तो भरून घ्या. सहीपूर्वी संपूर्ण अहवाल वाचा, प्रत मागा.

कसं लिहायचं हेही सांगते. "वारंवार बळजबरी केली" एवढ्याने न्यायाधीशाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. दोन-तीन प्रसंग निवडा आणि ते नीट सांगा. तारीख आठवत नसेल तर तारीख बनवू नका. "मुलीच्या बारशानंतरच्या आठवड्यात, टाके ओले असताना" किंवा "गौरी-गणपतीला माहेरी निघायच्या आदल्या रात्री" हे चालतं आणि ते जास्त खरं वाटतं, कारण माणूस असंच लक्षात ठेवतो. नकार कसा दिलात ते लिहा: बोलून, हात ढकलून, उठून दुसऱ्या खोलीत जाऊन. त्याने काय केलं, काय धमकी दिली, मूल खोलीत होतं का, दुखापत झाली का, दुसऱ्या दिवशी कुणाला सांगितलं. बहिणीला किंवा मैत्रिणीला सांगितलं असेल तर तिचं नाव साक्षीदार म्हणून उपयोगी पडतं. पाळीत, आजारपणात, बाळंतपणानंतर लगेच केलेली जबरदस्ती वेगळी मांडा. वाढवून मात्र एक शब्दही लिहू नका. एक अतिशयोक्ती सापडली की बाकीच्या दहा खऱ्या गोष्टींवर संशय येतो.

उघड्या कोर्टात हे बोलायचं कसं, ही भीती खरी आहे. याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे पक्षकाराची इच्छा असेल आणि मॅजिस्ट्रेटलाही तशी गरज वाटली, तर सुनावणी बंद खोलीत घेता येते. वकिलाला सांगून पहिल्या तारखेलाच तसा अर्ज द्या.

अर्ज कलम १२ खाली मॅजिस्ट्रेटसमोर होतो. तुम्ही सध्या जिथे राहता, तात्पुरत्या माहेरी असलात तरी, तिथल्या कोर्टात तो करता येतो. कलम १८ खाली संरक्षणाचा आदेश मागा आणि त्यात "लैंगिक बळजबरी करू नये" हे स्वतंत्र वाक्य मागा. नुसतं "छळ करू नये" असं मागितलं की आदेशही तेवढाच मोघम येतो. कलम १९ खाली राहण्याचा हक्क: वेगळी खोली, किंवा नवऱ्यालाच घराबाहेर काढण्याचा आदेश, किंवा भाड्याच्या घराचा खर्च. कलम २० खाली खर्च, २१ खाली मुलीचा तात्पुरता ताबा, २२ खाली नुकसानभरपाई. तातडी असेल तर कलम २३ खाली नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही अंतरिम आदेश होऊ शकतो. त्यासाठी शपथपत्र लागतं. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत करण्याचा प्रयत्न व्हावा. त्या साठ दिवसांवर विसंबून घराचे हप्ते ठरवू नका. अंतिम निकाल लांबतो, म्हणून सगळी ताकद अंतरिम आदेशावर लावायची.

आदेश झाल्यावर नवऱ्याने तो मोडला, की गोष्ट बदलते. कलम ३१ खाली तो गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि कलम ३२ प्रमाणे न्यायालय केवळ बाईच्या साक्षीवरूनही तो घडला असं ठरवू शकतं. जी जबरदस्ती कलम ६३ च्या अपवादामुळे निसटते, तीच आदेशानंतर घडली तर अटकेला पात्र ठरते. शिक्षेच्या मापाने हे फार तोकडं आहे, यात वाद नाही. बलात्काराला किमान दहा वर्षं, इथे कमाल एक. पण आज हातात असलेलं हे सर्वांत वेगवान हत्यार आहे, आणि आदेशात ते वाक्य असलं तरच ते चालतं.

दुसरा रस्ता म्हणजे नवऱ्याकडून किंवा सासरकडून होणाऱ्या छळाचं जुनं कलम ४९८-अ, आताचं न्याय संहितेचं कलम ८५ आणि त्याची व्याख्या कलम ८६ मध्ये. ठाण्यात अजूनही समज अशी की हुंड्याची मागणी नसेल तर ४९८ लागत नाही. व्याख्येचे दोन भाग आहेत. पैशाच्या मागणीसाठीचा छळ हा त्यातला एक. दुसऱ्या भागात बाईच्या जिवाला, शरीराला किंवा मानसिक-शारीरिक आरोग्याला गंभीर इजा होईल असं हेतुपुरस्सर वर्तन येतं, आणि हुंडा मागितलेला असलाच पाहिजे असं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. लगेच अटक होईल अशी अपेक्षा ठेवू नका, सहसा आधी नोटीस निघते. या कलमाला तीन वर्षांची मुदत आहे, डीव्हीच्या कलम १२ च्या अर्जाला तशी मुदत नाही. जुन्या घटना असतील तर हा फरक वकिलाशी आधी बोलून घ्या.

ठाण्यात फिर्याद घेतच नसतील तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून तपासाचा आदेश मागता येतो. साध्या मारहाणीला बहुतेक वेळा फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहितात. बायका ती फाडून टाकतात, "काय उपयोग" म्हणून. फाडू नका. तीन वर्षांतल्या चार एनसी एकत्र लावल्या की नवरा "आमच्यात कधी भांडणच नव्हतं" असं म्हणू शकत नाही.

नवऱ्यापासून वेगळं राहत असताना त्याने जबरदस्ती केली तर न्याय संहितेचं कलम ६७ लागतं: दोन ते सात वर्षं. त्यासाठी घटस्फोट किंवा न्यायालयाचा विभक्ततेचा हुकूम लागत नाही; कायद्याचे शब्द "हुकमाने किंवा अन्यथा" असे आहेत. दखल मात्र बायकोच्या स्वतःच्या तक्रारीवरच घेतली जाते. या कलमाकडे बघितलं की केंद्राच्या युक्तिवादातली गंमत कळते. नवराही बायकोवर जबरदस्ती करू शकतो हे कायद्याला मान्य आहे, फक्त तिने बॅग भरून घर सोडलेलं असलं पाहिजे. ज्या बाईला जायला घर नाही, तिला ते मान्य नाही.

पूर्वी काही वकील जुन्या दंड संहितेचं कलम ३७७, म्हणजे अनैसर्गिक संभोगाचं कलम, लावून बघायचे. न्याय संहितेत ते कलमच नाही. जुन्या प्रकरणांतही त्याचा भरवसा उरलेला नाही: फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात, जिथे पत्नीचा मृत्यू झाला होता, नवऱ्याला निर्दोष सोडलं, कारण त्यांच्या मते ३७५ चा अपवाद आड येत होता. खाजगी क्षणांचं चित्रीकरण, ते पसरवण्याची धमकी, गंभीर दुखापत, यांची कलमं मात्र स्वतंत्र आहेत. ६३ चा अपवाद फक्त बलात्काराच्या व्याख्येपुरता आहे, बाकी कुठल्याही गुन्ह्यातून तो नवऱ्याला सोडवत नाही.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा "बाथरूममध्ये पाय घसरला" असं सांगू नका. केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढे तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवला जातो. "नवऱ्याने जबरदस्ती केली, त्यात लागलं" एवढं स्पष्ट सांगा आणि ते लिहिलं का बघा. उपचार नाकारता येत नाहीत.

यातून गर्भ राहिला असेल तर एक गोष्ट नीट ऐका. गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही. अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते. कित्येक दवाखाने तरीही सही मागतात. ती त्यांची पद्धत आहे, कायदा नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गर्भपात कायद्यापुरता बलात्कार या शब्दात नवऱ्याने केलेला बलात्कारही धरायचा, म्हणजे चोवीस आठवड्यांपर्यंतची जी सवलत बलात्कारपीडितेला आहे ती अशा पत्नीलाही मिळते. त्यासाठी एफआयआर किंवा निकालाची अट घालता येत नाही. डॉक्टर अडून बसले तर या निकालाची प्रत पुढे ठेवा.

मोबाईलवरचे संदेश, माफीचे मेसेज, धमक्या, सगळं ठेवा. तो "काल चुकलं, पुन्हा नाही करणार" असं लिहितो, ते सर्वांत मोलाचं. स्क्रीनशॉटवर थांबू नका, मूळ फोन जपा, कारण पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचं गुपचूप केलेलं संभाषणाचं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या प्रकरणात पुरावा म्हणून चालू शकतं असं ठरवलं. संभाषणाचं, हे लक्षात ठेवा. खोलीत कॅमेरा लावण्याच्या फंदात पडू नका. तो व्हिडिओ कुणाच्या हाती जाईल हे तुमच्या हातात राहत नाही.

तुम्ही घर सोडलंत तर नवरा बहुधा नांदायला येण्याचा दावा टाकेल, हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. ती नोटीस आली की माहेरची माणसं हबकतात. याच प्रकारच्या दाव्यात १८८७ मध्ये मुंबईत रखमाबाईंना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला होता, आणि त्यांनी तुरुंग पत्करते म्हणून सांगितलं होतं. शेवटी नवऱ्याने १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. आज तुरुंग नाही. कुणी तुम्हाला ओढून नेऊ शकत नाही, फार तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हे कलम वैध ठरवलं असलं तरी वाजवी कारण असेल तर दावा फेटाळला जातो, आणि लैंगिक बळजबरी हे वाजवी कारण आहे. जबाबात ते लिहिलेलं हवं, इतकंच. दावा नवऱ्याच्या बाजूने लागला तरी तेवढ्यावरून पोटगी जात नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलंय.

घटस्फोट हवा असेल तर तो क्रूरतेच्या कारणावर. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विवाहांतर्गत बलात्कार हा शिक्षापात्र नसला तरी घटस्फोटासाठी क्रूरता आहे असा निकाल दिला. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुमचा राहण्याचा हक्क आपोआप बुडत नाही, हेही २०२० पासून ठरलेलं आहे. पोटगीच्या अर्जात दोघांनी उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं असतं आणि रक्कम सर्वसाधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून अर्ज लांबवू नका. दागिने, भांडी, लग्नात तुम्हाला मिळालेलं सगळं हे स्त्रीधन आहे, ते परत मागा.

"खोट्या तक्रारी वाढतील" हा आक्षेप तुमच्या घरातही कुणीतरी काढेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झालेल्या बायकांपैकी कुठेही मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के होत्या. १८९१ मध्ये संमतिवयाचं विधेयक आलं तेव्हाही घरं मोडतील, धर्मात ढवळाढवळ होईल असंच म्हटलं गेलं; विरोध करणाऱ्यांत टिळकही होते. विधेयकाच्या थोडं आधी कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती, आणि तिचं वय दहाच्या वर होतं म्हणून त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा सिद्ध होऊ शकला नव्हता. विधेयकाने संमतीच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, एवढंच.

आता तुम्ही काय करायचं. धोका आत्ताच असेल तर ११२. नाहीतर १८१ वर फोन करून जवळचं सखी केंद्र विचारा. तिथे तात्पुरता निवारा, डॉक्टर आणि वकील एकाच ठिकाणी मिळतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१०० आहे. पोलीस ठाण्याच्या आवारात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष असेल तर आधी तिथे बसा, तिथल्या समाजसेविका अशा गोष्टी ऐकायला शिकलेल्या असतात. समुपदेशनात "एकदा समजून घ्या" म्हणून परत पाठवू लागले तर जायची सक्ती नाही. गेलातच, तर नवऱ्याने काय कबूल केलं ते त्याच्या सहीनिशी लिहून घ्या आणि त्याची एक प्रत घराबाहेर, बहिणीकडे ठेवा. आधार कार्ड, लग्नाचं प्रमाणपत्र किंवा फोटो, मुलीचा जन्मदाखला, बँकेचं पुस्तक आणि दवाखान्याचे कागदही तिच्याकडेच आजच पोचवा.